वर्ध्याचे खानखोजे आणि मेक्सिकोतल्या फुकट शेतीशाळा

पांडुरंग सदाशिव खानखोजे हे आपल्या वर्ध्याचे. गदर पक्षाचे क्रांतिकारक म्हणून त्यांचं नाव पुस्तकात येतं, जयंतीला हार घालतात, पण शेतीतलं त्यांचं काम गावात फारसं कोणाला माहीत नाही. ते काम झालं मेक्सिकोत, आणि आज आपल्या तालुक्यात जो प्रश्न आहे तोच तिथं 100 वर्षांपूर्वी होता. सल्ला पाहिजे असलेले शेतकरी हजारो, सल्ला देणारे मूठभर.

टिळकांच्या प्रभावाखाली वाढलेला हा पोरगा इंग्रजांविरुद्ध लढाई शिकायची म्हणून तरुणपणीच देश सोडून गेला. जपान करून अमेरिकेत पोचला. तिथं मिळेल ती मजुरी करत शेतीचं शिक्षण घेतलं. 1913 च्या सुमारास गदर पक्ष उभा करणाऱ्यांत ते होते. पहिल्या महायुद्धात इराणात जाऊन इंग्रजांशी लढले, नंतर बर्लिन, मॉस्को असं फिरले. हा भाग सिनेमासारखा आहे, पण त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे.

1924 मध्ये ते मेक्सिकोत आले. हातात ना पैसा ना देश. टेक्सकोकोजवळ चापिंगो इथं तिथलं राष्ट्रीय कृषी विद्यालय होतं, तिथं ते शिकवायला लागले. मका आणि गहू ही त्यांची पिकं. मक्याचा रानातल्या जंगली मक्याशी संकर करून बघणं, जास्त उतारा देणारं वाण शोधणं, हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं.

आता तिथली परिस्थिती समजून घ्या. 1910 मध्ये मेक्सिकोत क्रांती सुरू झाली, ती 10 वर्षं चालली. मोठमोठ्या जहागिऱ्या मोडून जमीन गावाला द्यायचं ठरलं. अशा गावाच्या जमिनीला तिथं एहीदो म्हणतात. पण ज्याला जमीन मिळाली तो काल-परवापर्यंत मालकाच्या वावरात राबणारा मजूर. काय पेरायचं, बियाणं कोणतं आणायचं, हा निर्णय मालकाचा मुकादम घ्यायचा. आता तो निर्णय याच्यावर आला, अन् विचारायला जवळ कोणी नाही.

कृषी पदवीधर मुळातच थोडे. जे होते त्यातल्या बऱ्याच जणांना सरकारनं जमीन मोजणीला लावलं. गावाची हद्द ठरव, नकाशा काढ, अर्जाची फाईल पुढं पाठव. शिकला मातीचं अन् करतो कागदाचं! आपल्या कृषी सहाय्यकाचं काय वेगळं आहे? एकाकडे कितीतरी गावं. त्यात पंचनामे, योजनांचे फॉर्म, मीटिंगा, वरून मागितलेली माहिती. बोंडअळी पराटीत शिरते तेव्हा तो तहसीलला बसलेला असतो. माणूस वाईट नसतो हो, पण त्याला दोनच पाय आहेत. मग शेतकरी जातो कृषी केंद्रावर, आणि दुकानदार जी बाटली देईल ती मारून मोकळा होतो.

खानखोजेंनी 1920 च्या दशकाच्या शेवटी यावर आपल्या परीनं उत्तर काढलं. माणसं मिळत नाहीत म्हणून सरकारकडे बघत बसण्यापेक्षा शाळाच गावात न्यायची. शेतकऱ्यांच्या संघटना सोबत घेऊन त्यांनी मोफत शेतीशाळा काढल्या. फी नाही, सरकारची मदत नाही. शिकणारा गावातला शेतकरीच, बहुतेक आदिवासी. चांगलं बी कसं निवडायचं हे एकदा गावातल्याच चार जणांना नीट आलं, की दरवेळी बाहेरून साहेब यायची वाट बघावी लागत नाही, हा त्यामागचा हिशेब. दिएगो रिवेरा हा तिथला मोठा चित्रकार या कामात त्यांच्या सोबत होता. तिना मोदोत्ती या फोटोग्राफर बाईंनी या कामाचे फोटो काढले. मेक्सिको शहरात शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिवेराचं एक चित्र आहे. टेबलाभोवती बसलेल्या माणसांना पाव मोडून देणारा त्यातला माणूस म्हणजे आपले खानखोजे.

पण एक गोष्ट मला खटकते. अशी उदाहरणं दाखवून रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवायची सोय होते. शेतकरी मित्र नेमा, प्रगतशील शेतकऱ्याला माईक द्या, झालं. फुकट शिकवणाऱ्यालाही घर चालवावं लागतं, पेरणीच्या दिवसात तो स्वतःच्या वावरात असतो. आणि गावातल्या जाणत्याला नवीन रोग दिसला तर त्यानं विचारायचं कोणाला? त्याच्या पाठीमागं पगारी, शिकलेला माणूस लागतोच. खुद्द खानखोजेंच्या पाठीमागं चापिंगोचं विद्यालय होतं, हे विसरून चालत नाही.

पुढं 1934 ते 1940 या काळात तिथं जवळपास 1 कोटी 80 लाख हेक्टर जमीन वाटली गेली. म्हणजे सल्ला मागणारे आणखी कितीतरी वाढले.

खानखोजेंनी 1936 मध्ये बेल्जियमच्या एका बाईंशी लग्न केलं, दोन मुली झाल्या. इंग्रज असेपर्यंत मायदेशी यायची सोय नव्हती. स्वातंत्र्यानंतर, 1949 मध्ये, मध्य प्रांताच्या सरकारनं शेतीच्या सल्ल्यासाठी बोलावलं तेव्हा ते आले. नंतर 1950 च्या दशकात कायमचे नागपूरला राहायला आले. जानेवारी 1967 मध्ये तिथंच वारले. त्याच रब्बीत पंजाब, हरियाणाच्या शेतांत मेक्सिकोहून आणलेला बुटका गहू उभा होता. 1966 मध्ये भारतानं त्याचं 18,000 टन बियाणं मागवलं होतं. ते वाण खानखोजेंचं नव्हे, बोरलॉग यांचं.