रयतेच्या पैशाचा हिशेब

विद्यार्थी मित्रांनो, रयत, महसूल, वसूल, जमा, खजिना हे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत ना? अरबी-फारसीतून ते जसे उर्दूत आले, तसेच मराठीतही आले. शिवाजी महाराजांच्या काळी हे शब्द कारभारात नेहमी कानी पडत.

महाराजांचा जन्म १६३० साली शिवनेरी किल्ल्यावर झाला. १६५६ साली त्यांनी जावळी जिंकली. त्याच वर्षी रायरीचा किल्लाही घेतला. तोच पुढे रायगड झाला. पोलादपूरच्या शेजारी, महाड तालुक्यात तो आजही उभा आहे.

त्या काळी सारा गोळा करण्याचे काम गावोगावचे वतनदार करत. शेतकऱ्याकडून खूप घ्यायचे आणि सरकारात थोडेच भरायचे, असे पुष्कळ ठिकाणी चाले. मधला पैसा कोठे जाई, ते तुम्हीच ओळखा! त्यामुळे शेतकरी भरडला जाई आणि खजिन्यातही पुरेशी भर पडत नसे.

महाराजांनी जमीन मोजून सारा ठरवला. वतनदारांचे हक्क किती, तेही ठरवून दिले. वसुलीसाठी पगारी अधिकारी नेमले. सुभेदार कारभार पाही व मजमदार हिशेब ठेवी. हा हिशेब त्यांना सरकारात दाखवावा लागे.

१६७४ साली रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला. दोन वर्षांनी त्यांनी कोकणातील प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना एक पत्र पाठवले. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, अशी ताकीद त्यात होती. ज्या शेतकऱ्याजवळ बैल नाही, त्याला बैलासाठी पैसे द्या. खायला नाही, त्याला धान्य द्या. पुढे त्याच्या ऐपतीप्रमाणे फक्त मुद्दल घ्या, व्याज घेऊ नका, असे त्यांनी कळवले. साऱ्यापोटी आलेले नारळ, सुपारी, मिरी नीट सांभाळून चांगल्या भावाने विकायलाही सांगितले. माल कुजला, तर नुकसान राज्याचेच होणार ना?

१६८० साली रायगडावरच महाराजांचे निधन झाले.

मित्रांनो, उद्या वर्गाच्या सहलीची वर्गणी तुमच्या हाती आली, तर काय कराल? प्रत्येक रुपया लिहून ठेवा आणि वेळेवर जमा करा. तो पैसा दुसऱ्याने विश्वासाने तुमच्याकडे दिलेला असतो.