उखळीच्या सांध्याचा शिल्पकार

दोन फुटांच्या आसपास उंची, रेझिनमध्ये ओतलेले कठीण पण नितळ अंग, हातात घेताच जाणवणारे वजन आणि मान कलती केली की कलतीच राहणारा चेहरा. बाहुल्यांच्या संग्राहकांमध्ये गेल्या पाव शतकात या मोठ्या, सांधेदार बाहुलीने जे स्थान मिळवले आहे ते इतर बाहुल्यांना क्वचितच लाभले असेल. तिचे डोळे बदलता येतात, केसांचा टोप बदलता येतो, जुना रंग पुसून चेहरा नव्याने रंगवता येतो. शेकडो डॉलर मोजून तिला घरी आणणारे बहुतेक जण वयाने प्रौढ असतात. या छंदाचे आजचे रूप जपानने घडवले. क्योतोच्या ‘व्होल्क्स’ कंपनीने १९९९ मध्ये ‘सुपर डॉल्फी’ नावाची बाहुली बाजारात आणली आणि तेथून हा छंद जगभर गेला. परंतु या बाहुलीची वंशावळ शोधत मागे गेले, तर वाट जपानमधून थेट १९३३ सालच्या बर्लिनमधील एका घरात पोहोचते. त्या घरात हान्स बेल्मर नावाचा एक जाहिरात-चित्रकार आपला चालता धंदा बंद करून बाहुली बनवायला बसला होता.

बेल्मरचा जन्म १३ मार्च १९०२ रोजी कॅटोविट्झ येथे झाला. सायलेशियातील हे कोळशाचे आणि पोलादाचे गाव तेव्हा जर्मन साम्राज्यात होते. पहिल्या महायुद्धानंतर १९२२ मध्ये ते पोलंडकडे गेले. वडील अभियंता होते. शिस्तीचे कडवे, घरात ज्यांच्या पावलांच्या आवाजाने मुले गप्प होत अशा पठडीतले. हान्स आणि धाकटा भाऊ फ्रित्झ यांनी या धाकातून सुटण्यासाठी खेळण्यांचे आणि गुप्त खेळांचे एक स्वतंत्र जग उभारले. पुढे हाच बाप हिटलरच्या पक्षाचा समर्थक झाला, हे लक्षात ठेवले म्हणजे मुलाच्या पुढील वागण्याचा अर्थ लागतो.

वडिलांच्या इच्छेनुसार हान्सने बर्लिनच्या तांत्रिक महाविद्यालयात अभियांत्रिकीसाठी नाव घातले. पण तेथे त्याची गाठ पडली जॉर्ज ग्रोस आणि जॉन हार्टफील्ड या बंडखोर कलावंतांशी. १९२४ मध्ये त्याने शिक्षण सोडले आणि माल्लिक या डाव्या विचारांच्या प्रकाशनसंस्थेसाठी अक्षरजुळणीची आणि मुखपृष्ठांची कामे घेतली. १९२६ मध्ये स्वतःचा जाहिरात-आरेखनाचा व्यवसाय सुरू केला, १९२८ मध्ये मार्गारेट श्नेल हिच्याशी विवाह केला. नेटका, हिशेबी, हाताला अचूक वळण असलेला व्यावसायिक चित्रकार म्हणून त्याचे आयुष्य सुखात गेले असते. तसे घडले नाही.

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. बेल्मरने व्यवसाय बंद केला. या राज्याला उपयोगी पडेल असे कोणतेही काम आपण यापुढे करणार नाही, असा त्याचा निर्धार होता. देश सोडून जाणारे अनेक होते, भूमिगत होणारेही होते. याने निवडलेला मार्ग मात्र चमत्कारिकच म्हणावा लागेल. ज्या राष्ट्रात प्रत्येक हाताला, प्रत्येक यंत्राला राष्ट्रकार्याला जुंपले जात होते, तेथे एका कुशल माणसाने आपले सारे कौशल्य संपूर्णपणे निरुपयोगी अशा वस्तूवर खर्च करायचे ठरवले.

बाहुलीच का, याचे उत्तर त्या दोन-तीन वर्षांतील काही प्रसंगांत सापडते. आईने त्याला लहानपणच्या खेळण्यांची एक पेटी पाठवली होती. त्याच सुमारास माक्स राइनहार्टने रंगभूमीवर आणलेली ओफेनबाखची ‘हॉफमनच्या कथा’ ही संगीतिका त्याने पाहिली. तिच्यात एक तरुण ऑलिंपिया नावाच्या यंत्र-बाहुलीच्या प्रेमात पडतो आणि ती डोळ्यांदेखत मोडून पडते. आणि तिसरी गोष्ट, सर्वांत महत्त्वाची. बर्लिनच्या कैसर फ्रीडरिश संग्रहालयात सोळाव्या शतकातील, ड्यूररच्या काळातील छोट्या लाकडी बाहुल्या होत्या. त्यांचे सांधे गोळ्यांचे होते. चारशे वर्षांपूर्वीच्या कुणा अज्ञात कारागिराने केलेला तो उखळीचा सांधा बेल्मरच्या डोक्यात घर करून राहिला. म्हणजे हा सांधा बेल्मरचा शोध नव्हे. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच आणि जर्मन खेळणी-कारखान्यांनीही तो लहान मुलींच्या बाहुल्यांत सर्रास वापरला होता. त्या सांध्यात दडलेला अर्थ मात्र त्याच्याआधी कोणी असा उकलून पाहिला नव्हता.

पहिली बाहुली १९३३ मध्ये तयार झाली. उंची सुमारे १.४ मीटर. आत लाकूड आणि धातूचा सांगाडा, वर तागाचे तंतू, सरस आणि प्लॅस्टर यांचे कवच. अभियंता झालेल्या फ्रित्झने यंत्रकामात हात दिला. पोटाच्या पोकळीत एक फिरती चकती बसवून तिच्यावर सहा चिमुकली दृश्ये मांडायची, छोट्या दिव्याने ती उजळायची आणि बाहेरच्या छिद्रातून पाहायची, अशीही योजना होती. लहानपणी जत्रेत पाहिलेल्या पेटीचीच ही आवृत्ती. १९३४ मध्ये बेल्मरने या बाहुलीची दहा छायाचित्रे ‘दी पुप्पे’ या छोट्या पुस्तकात स्वतःचे नाव न घालता छापली. उर्सुला ही त्याची नात्यातली बहीण शिक्षणासाठी पॅरिसला गेली, तेव्हा तिने काही छायाचित्रे आंद्रे ब्रतों याच्याकडे पोहोचवली. अतिवास्तववाद्यांचा हा नेता ती पाहून थरारून गेला आणि डिसेंबर १९३४ च्या ‘मिनोतोर’ नियतकालिकात अठरा छायाचित्रे झळकली. बर्लिनमधील एका बंद खोलीतल्या माणसाला एका रात्रीत पॅरिसने आपला म्हटले.

बेल्मर स्वतः मात्र असमाधानी होता. पहिली बाहुली जड होती, ताठ होती. तिला हवे तसे वळवता येत नव्हते. १९३५ मध्ये त्याने दुसरी बाहुली केली. या वेळी पातळ कागद आणि सरस यांचे थर देऊन अंग घडवले, आणि मध्यभागी, पोटाच्या जागी, एक मोठा गोल ठेवला. सारे अवयव या गोलाभोवती जोडायचे, काढायचे, पुन्हा भलतीकडे जोडायचे. वर धड आणि खाली पाय हा निसर्गाचा क्रमही बंधनकारक उरला नाही. गोलाच्या दोन्ही बाजूंना पायच असू शकत.

हा सांधा नेमके काय करतो हे समजून घेण्यासारखे आहे. बिजागरीचा सांधा, म्हणजे आपला गुडघा किंवा दाराची बिजागरी, एकाच दिशेत उघडतो आणि मिटतो. उखळीचा सांधा, म्हणजे आपला खांदा, सर्व दिशांना फिरतो. गोळा वाटीत बसतो, दोहोंना ताण देणारी दोरी आतून जाते आणि घर्षणामुळे अवयव सोडला तेथेच थांबतो. आपल्याकडच्या कळसूत्री बाहुलीची दोरी बाहेर, खेळवणाऱ्याच्या बोटांत असते. दोरी सोडली की बाहुली कोसळते. येथे दोरी बाहुलीच्याच पोटात असते. हात काढून घेतल्यावरही ती दिलेली मुद्रा धरून राहते, आणि पाहणाऱ्याला वाटू लागते की ही मुद्रा तिने स्वतःच घेतली आहे. मोठ्या आकारामुळे हा भास अधिक गडद होतो, कारण मूठभर बाहुली खेळणे वाटते, कमरेपर्यंत येणारी बाहुली खोलीतील दुसरी व्यक्ती वाटते. बेल्मरने या सांध्यावर एक स्वतंत्र टिपणच लिहिले आणि त्याची तुलना कार्डानोच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या झुलत्या कड्यांशी केली. डोलणाऱ्या जहाजावर होकायंत्र समतोल ठेवणारी तीच ही युक्ती. वडिलांनी सक्तीने शिकायला लावलेली अभियांत्रिकी अशी भलत्याच कामी आली.

दुसऱ्या बाहुलीची त्याने शंभरांहून अधिक छायाचित्रे काढली. जिन्यावर, स्वयंपाकघरात, गवताच्या गंजीजवळ, रानात झाडाला टेकलेली. काहींना त्याने हाताने रंग दिले, जुन्या भेटकार्डांवर असत तसे फिके गुलाबी, पिवळे, हिरवट. बाहुलीच्या पायांत शाळकरी मुलीचे बूट आणि पांढरे मोजे. ही छायाचित्रे पाहणे सोपे नाही. मोडलेले, उलटसुलट जोडलेले मुलीचे शरीर आणि त्याभोवती घरगुती शांतता.

एका बाजूने पाहिले तर तो काळाचा आरसा आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये नाझी राजवट निरोगी, रेखीव, आज्ञाधारक शरीराचा सोहळा करीत होती, आर्नो ब्रेकरचे पीळदार पुतळे सरकारी इमारतींपुढे उभे राहत होते आणि १९३७ मध्ये म्युनिकला आधुनिक कलेची ‘अधोगत कला’ म्हणून जाहीर विटंबना झाली. त्याच देशात, त्याच वर्षांत, एक माणूस गुपचूप असे शरीर जोडत होता की जे कोणत्याही संचलनात पाऊल मिळवू शकणार नाही. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. या प्रयोगासाठी त्याला मुलीचेच शरीर का लागले, आणि मोडण्याजोडण्याचा सारा अधिकार पुरुषाच्याच हाती का, हा प्रश्न स्त्रीवादी समीक्षकांनी पुढे कठोरपणे विचारला. स्यू टेलर यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ या कलेमागील भयगंडाचा आणि आक्रमकतेचा सविस्तर माग काढतो. हुकूमशहाच्या विरोधात उभा राहिलेला माणूस आपल्या खोलीत स्वतःही छोटा हुकूमशहा झाला होता काय? बेल्मरच्या कलेचे मोल मान्य करणाऱ्यालाही हा प्रश्न टाळता येत नाही.

१९३८ मध्ये मार्गारेट क्षयाने गेली. तिच्या आजारपणामुळेच तो जर्मनीत अडकून होता. आता तो पॅरिसला आला. एका वर्षात युद्ध पेटले आणि जर्मन नागरिक म्हणून फ्रान्सने त्यालाच कैद केले. एक्स-आं-प्रोव्हांसजवळच्या ले मिल येथील विटा-कौलांच्या जुन्या कारखान्यात माक्स एर्न्स्टही त्याच्यासोबत होता. चहूकडे विटांची धूळ. तेथे बेल्मरने एर्न्स्टचे एक चित्र काढले. चेहरा अचूक, पण सारा विटांनी रचलेला. सुटकेनंतर युद्धाची वर्षे त्याने दक्षिण फ्रान्समध्ये काढली. दुसरा विवाह झाला, जुळ्या मुली झाल्या. संसार टिकला नाही.

युद्धानंतर १९४९ मध्ये दुसऱ्या बाहुलीची रंगवलेली छायाचित्रे कवी पॉल एल्युआरच्या मजकुरासह ‘ले झ्यू द ला पूपे’ या पुस्तकात अखेर प्रसिद्ध झाली. १९५३ मध्ये बर्लिनभेटीत त्याला लेखिका आणि चित्रकर्ती उनिका झ्यूर्न भेटली. ती त्याच्यासोबत पॅरिसला आली. शब्दांतील अक्षरे फिरवून नवी ओळ जुळवण्याचा तिला नाद होता. तो शरीराचे जे करीत होता तेच ती वाक्याचे करीत होती. दोघांचे नाते सर्जक होते, तसेच काळोखेही. १९५८ मध्ये त्याने दोरीने आवळलेल्या तिच्या शरीराची छायाचित्रे काढली आणि त्यांपैकी एक अतिवास्तववाद्यांच्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर आले. कागदाच्या बाहुलीवर केलेला खेळ जित्या माणसावर आला होता. उनिकाला पुढे तीव्र मानसिक आजाराने ग्रासले, वारंवार रुग्णालयात राहावे लागले. १९६९ मध्ये पक्षाघाताने बेल्मर अंथरुणाला खिळला. १९७० मध्ये उनिकाने आपले जीवन संपवले. फेब्रुवारी १९७५ मध्ये बेल्मर गेला. पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत तो तिच्याशेजारीच विसावला आहे.

त्याच्या बाहुलीने मात्र त्याच्या हयातीतच समुद्र ओलांडला होता. १९६५ मध्ये जपानी लेखक तात्सुहिको शिबुसावा यांनी एका महिला मासिकात बेल्मरविषयी लिहिले. तो लेख आणि ती छायाचित्रे योत्सुया सिमोन या विशीतल्या बाहुलीकाराच्या हाती पडली. तोवर कापडी बाहुल्या करणाऱ्या सिमोनने आपली जुनी पद्धत टाकून दिली आणि उखळीच्या सांध्याचा ध्यास घेतला. जपानला बाहुली परकी नव्हती. शिंपल्यांच्या भुकटीचा लेप देऊन चेहऱ्याला कांती आणण्याची तेथली कला शतकांची आहे. या कलेला बेल्मरचा सांधा मिळाला आणि एक नवाच प्रकार जन्मला. सिमोनने १९७८ मध्ये तोक्योत बाहुली-विद्यालय काढले. त्या परंपरेत बेल्मरची मोडतोड हळूहळू गळून पडली, सांधा तेवढा राहिला. मामोरू ओशी यांनी २००४ च्या ‘इनोसन्स’ या अ‍ॅनिमेशनपटात मात्र बेल्मरच्या बाहुल्यांचे ऋण उघडपणे मिरवले.

सुपर डॉल्फी विकत घेणाऱ्या बहुतेकांना बेल्मरचे नाव ठाऊक नसते. त्यांना ओढ असते ती घडवण्याची. कारखान्यातून येते ती रिकाम्या चेहऱ्याची मूर्ती. तिला स्वभाव देतो तो मालक. भुवईची एक रेघ खाली उतरली की ती रुसते, मान जराशी वळवली की ऐकू लागते. काही वर्षांनी आतली इलॅस्टिकची दोरी सैल पडते, बाहुली उभी राहीनाशी होते. मग तिचे डोके उघडून, आकडी काढून, सारे अवयव टेबलावर मांडून नवी दोरी ओवावी लागते. अनेक संग्राहक हे काम दुसऱ्या कोणाकडे सोपवत नाहीत.

बेल्मरची दुसरी बाहुली पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहात आहे. कागद आणि सरस जुने झाले आहेत. संग्रहालयाने ठरवून दिलेल्या एकाच स्थितीत ती आता असते. तिचे सांधे फिरवण्याची मुभा प्रेक्षकांपैकी कोणालाही नाही.