लौरी रापाला

लौरी रापाला (जन्म : २७ नोव्हेंबर १९०५, स्युस्मा, फिनलंड, मृत्यू : १९७४) हे फिनलंडमधील मच्छीमार आणि गळाच्या मासेमारीसाठी लागणाऱ्या कृत्रिम आमिषांचे कारागीर होते. जखमी मासोळीप्रमाणे हेलकावे खात पोहणारी लाकडी मासोळी त्यांनी १९३६ च्या सुमारास हाताने कोरून तयार केली. कुटुंबाच्या उदरनिर्वाहासाठी घडवलेल्या या साध्या वस्तूतून पुढे जगभर पोहोचलेला उद्योग उभा राहिला.

बालपण व नाव

लौरी यांचे मूळ आडनाव सारिनेन असे होते. ते लहान असतानाच त्यांची आई मारी त्यांना घेऊन आसिक्काला परगण्यात राहावयास गेली. तेथील चर्चच्या नोंदवहीत नाव लिहिताना धर्मगुरूंना या कुटुंबाचे आडनाव आठवेना, म्हणून त्यांनी गावाचेच नाव लिहिले, अशी हकिगत सांगितली जाते. ते गाव म्हणजे रापाला. फिनिश भाषेत ‘रापा’ या शब्दाचा अर्थ चिखल असा होतो. चिखलावरून आलेले हे गावाचे नाव पुढे पाण्यातील एका वस्तूमुळे जगभर ओळखले गेले.

उपजीविका

१९२८ मध्ये लौरी यांचा एल्मा लेप्पानेन यांच्याशी विवाह झाला. या दांपत्यास सात अपत्ये झाली. १९३० च्या दशकातील जागतिक मंदीची झळ फिनलंडच्या ग्रामीण भागालाही पोहोचली होती. लौरी हिवाळ्यात जंगलात लाकूडतोड करीत, शेतांवर मजुरी करीत आणि उन्हाळ्यात पायान्ने या विस्तीर्ण सरोवरात मासेमारी करीत.

त्यांची मासेमारी हौसेची नव्हती. लांब दोराला शेकडो गळ बांधून प्रत्येक गळाला लहान मासा लावावा लागे. आमिषासाठी आधी लहान मासे पकडावयाचे, ते एकेका गळात अडकवावयाचे आणि एकदा वापरून झाले की पुन्हा तोच खटाटोप करावयाचा, यात दिवसाचा मोठा भाग खर्ची पडे. न कुजणारे, न तुटणारे आणि पुन्हापुन्हा वापरता येणारे आमिष मिळाले, तर तेवढाच वेळ प्रत्यक्ष मासे धरण्यास मिळणार होता. रापाला यांच्या शोधामागील प्रेरणा ही अशी रोजच्या श्रमातून आलेली होती.

निरीक्षण

नाव वल्हवीत असताना लौरी पाण्यातील माशांचे वर्तन पाहत असत. पाइक, ट्राउट यांसारखे शिकारी मासे लहान माशांच्या थव्यावर झडप घालताना थव्यातील सर्वच माशांच्या मागे लागत नाहीत. जो मासा किंचित तिरका, अडखळत पोहतो, त्यालाच ते आधी गाठतात, हे त्यांच्या ध्यानात आले. दुबळे भक्ष्य पकडण्यास कमी शक्ती लागते, हे त्यामागील कारण होय.

शिकारी माशांची ही प्रवृत्ती सर्वत्र आढळते. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील मामा तलावांत, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावांत, मरळ हा शिकारी मासा मिळतो. त्याच्यासाठी गळाला जिवंत बेडूक किंवा लहान मासा लावण्याची रीत आहे. आमिषाची तडफड पाहूनच मरळ झेप घेतो. रापाला यांनी हीच तडफड निर्जीव वस्तूत आणण्याचा प्रयत्न केला.

पहिली लाकडी मासोळी

१९३६ च्या सुमारास लौरी यांनी चांभाराच्या रापीने बुचाचा तुकडा कोरला आणि पॉलिश पेपरने घासून त्याला मासोळीचा आकार दिला. खवल्यांची चकाकी आणण्यासाठी चॉकलेटच्या वेष्टनातील चंदेरी वर्ख त्यावर चिकटवला. पाणी आत शिरू नये म्हणून रोगणाचा लेप हवा होता, पण तो मिळण्याजोगा नव्हता. तेव्हा छायाचित्रांच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा थर वरून दिला. मासोळी हवी तशी पोहेपर्यंत त्यांनी अनेक नमुने करून पाहिले. त्यांचे मासेमारीतील सोबती तोइवो प्यूल्वालायनेन यांचेही या कामी साहाय्य झाले. नव्या आमिषाने एका दिवसात सुमारे २७० किलो मासे धरल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे.

रचना व टिकाऊपणा

गळाच्या मासेमारीत ‘जिग’ नावाचे आमिष सर्वत्र परिचित आहे. त्यात गळाच्या दांडीवर शिशाचे डोके ओतून त्यावर केस किंवा पिसे दोऱ्याने घट्ट बांधलेली असतात. जिग जड असल्याने बुडते आणि मासेमाराने दोरीला झटके दिले तरच हलते. तिचे आयुष्य दोऱ्याच्या बांधणीवर अवलंबून असते. रापाला यांची मासोळी याहून वेगळी होती. ती हलकी असल्याने तरंगे आणि दोरी नुसती ओढली तरी स्वतःच हेलकावे खाई. तिच्या तोंडाखाली ओठासारखी एक लहान पट्टी बसवलेली असते. ओढताना पाणी या पट्टीवर आदळते, मासोळी किंचित खाली जाते आणि दोन्ही बाजूंना डुलू लागते.

हलके लाकूड मऊ असते आणि मोठ्या माशाच्या ओढीने त्यातील गळ उपटून निघण्याची भीती असते. म्हणून मासोळीच्या नाकापासून शेपटीपर्यंत एक अखंड तार आतून नेलेली असते. दोरी व गळ दोन्ही या तारेलाच जोडलेले असल्याने माशाचा सर्व भार तारेवर येतो. लाकडाला चरे पडले तरी गळ सुटत नाही.

युद्धकाळ

१९३९ ते १९४४ या काळात फिनलंडची सोव्हिएत संघाशी दोन युद्धे झाली. लौरी यांनीही सैन्यात सेवा केली. युद्धामुळे परदेशी बूच मिळेनासे झाले, तेव्हा देवदार वर्गातील पाइन वृक्षाची जाड साल वापरून मासोळ्या कोरल्या गेल्या. पुढे बाल्सा हे अतिशय हलके लाकूड वापरात आले आणि तेच कायम झाले.

कौटुंबिक उद्योग

आरंभी शेजारपाजारचे मच्छीमार या मासोळ्या विकत घेत. मागणी वाढली तसे घरातील सर्वजण कामाला लागले. लौरी यांनी मुलांना कोरणे, घासणे व रंगवणे शिकवले. प्रत्येक मासोळी पाण्यात ओढून पाहावयाची आणि ती सरळ रेषेत, योग्य हेलकाव्याने पोहत नसेल तर हाताने दुरुस्त करावयाची, असा त्यांचा दंडक होता. पुढे यंत्रे आली, तरी पाण्यातील ही चाचणी चालूच राहिली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी आलेल्या पाहुण्यांमुळे या आमिषाची माहिती देशाबाहेर पोहोचण्यास मदत झाली.

अमेरिकेतील प्रसार

१९५९ मध्ये मिनेसोटा राज्यातील व्यावसायिक रॉन वेबर यांनी कॅनडातील एका सहलीत ही मासोळी पाहिली. त्यांनी व रे ऑस्ट्रम यांनी रापाला कुटुंबाशी संपर्क साधून आयात सुरू केली. मागणीपुढे पुरवठा इतका अपुरा पडे, की काही दुकानदार अनामत रक्कम घेऊन मासोळी दिवसाच्या भाड्याने देत असत, असे सांगितले जाते.

ऑगस्ट १९६२ मध्ये ‘लाइफ’ या अमेरिकी साप्ताहिकाने या आमिषावर लेख छापला. अभिनेत्री मेरिलिन मन्रो यांच्या निधनानंतरचा तो अंक असल्याने त्याचा खप प्रचंड झाला. त्यानंतर लाखोंच्या संख्येने मागणी आली आणि घरगुती कामाला कारखान्याचे रूप देणे अपरिहार्य ठरले.

अखेरचा काळ व वारसा

लौरी रापाला यांचे १९७४ मध्ये वयाच्या ६८ व्या वर्षी निधन झाले. उद्योगाची धुरा त्यांच्या मुलांनी सांभाळली. १९९८ मध्ये कंपनीची हेलसिंकी शेअर बाजारात नोंदणी झाली. पुढे गळ बनवणारी व्हीएमसी ही फ्रेंच कंपनी तीत सामील झाली आणि उद्योगाचे नाव रापाला व्हीएमसी असे झाले.

कृत्रिम आमिषे रापाला यांच्या पूर्वीही होती. निरोगी माशाची हुबेहूब नक्कल करण्याऐवजी त्यांनी दुबळ्या माशाची चाल साधली, हे त्यांचे वेगळेपण होय. एका गरीब मच्छीमाराचा दिवस वाचवण्यासाठी सुरू झालेला हा प्रयोग पुढे हौशी मासेमारांच्या हाती गेला, तरी बाल्सा लाकडाची तरंगणारी मूळ मासोळी आजही त्याच तत्त्वावर तयार होते.