लुई पाश्चर आणि उशिरा आलेली मुलगी

जुन्नर तालुक्यातील पिंपरी पेंढारसारख्या गावी मळ्याच्या राखणीला कुत्रा असतोच. म्हणून लुई पाश्चर यांचे चरित्र आम्हांस दूरचे वाटत नाही.

२७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील दोल येथे, कातडी कमावणाऱ्या एका कॅथलिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १८३१ साली आर्ब्वा परिसरात पिसाळलेल्या लांडग्याने माणसांना चावे घेतले. लोहाराच्या भट्टीत लोखंड तापवून त्या जखमा डागण्यात आल्या. तेव्हा दुसरा इलाजच नव्हता.

पुढे तीन कन्या बालवयातच गेल्या, १८६८ साली अर्धांगवायू झाला, तरी त्यांचे संशोधन थांबले नाही. ते रसायनशास्त्रज्ञ होते, वैद्य नव्हे. म्हणून ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस डॉ. ग्रांशे यांनी टोचली. जोसेफ वाचला. त्याच वर्षी लुईझ पेलेतिए ही मुलगी चावा लागून ३७ दिवस उलटल्यावर आली. आशा नसतानाही पाश्चर यांनी उपचार केले, ती दगावली.

रेबीजचा विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकतो आणि लक्षणे दिसल्यावर रुग्ण सहसा वाचत नाही. चाव्यावर हळद-मिरची भरण्यात वेळ दवडू नये. जखम वाहत्या पाण्याने व साबणाने १५ मिनिटे धुवावी, त्याच दिवशी दवाखाना गाठून लस सुरू करावी; जखम खोल असल्यास इम्युनोग्लोब्युलिनही लागते. घरच्या कुत्र्या-मांजरांनाही लस द्यावी.

२८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर निवर्तले. तोच दिवस आता जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो.