गणितशिक्षक कापरेकर आणि सात फेऱ्या

आमच्या आसेगावसारख्या लहान गावी राहून मोठ्या विद्येची उपासना कशी घडावी, अशी शंका पुष्कळ विद्यार्थ्यांच्या मनात येते. संगणकास आज्ञा लिहिण्याची विद्या शिकू लागलेल्यांस तर यंत्रावाचून सारेच अडते असे वाटते. अशांनी कै. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे चरित्र अवश्य अवलोकन करावे.

त्यांचा जन्म 1905 साली डहाणू येथे झाला. बालपणीच मातेचे छत्र हरपले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असता 1927 साली त्यांस रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. 1929 साली ते पदवीधर झाले व पुढे नाशिकजवळील देवळाली येथे शाळामास्तर झाले. संशोधनाची वरिष्ठ पदवी नाही, हाताशी यंत्र नाही. कागद, पेन्सिल व अखंड चिकाटी एवढेच त्यांचे भांडवल होते.

1946 साली त्यांस एक नवल आढळले. चार अंकी संख्या घ्यावी. चारही अंक सारखे मात्र नसावेत. ते अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करावी. शून्य आल्यास तेही अंक म्हणून राखावे. त्यांचे जन्मवर्ष 1905 हेच घेऊ. 9510 मधून 0159 वजा करता 9351 येतात. पुढे क्रमाने 8172, 7443, 3996, 6264, 4176 आणि सातव्या फेरीस 6174. संख्या कोणतीही असो, सात फेऱ्यांच्या आत 6174 येतेच, आणि एकदा आली म्हणजे पुढे बदलत नाही.

संगणकाच्या भाषांत अशा पुनरावृत्तीस लूप म्हणतात, व फेऱ्या मोजणाऱ्या पदास काउंटर. काउंटरला आरंभी 1 ही किंमत द्यावी, प्रत्येक फेरीअखेर तीत 1 मिळवावा, व ती 7 हून अधिक होताच थांबावे. येथे दक्षता हवी. किंमत 7 पेक्षा कमी असेतोवरच चालावे, अशी अट चुकून लिहिली तर सहाच फेऱ्या होतील, आणि 1905 बिचारे 4176 पाशीच अडकून पडेल!

मोजणीवाचून, उत्तर स्थिर होईपर्यंतच चालावे असे म्हटले तर? दोन अंकी 45 घेऊन पाहा: 09, 81, 63, 27 आणि पुन्हा 45. हे चक्र कधी संपावयाचे नाही. यंत्र घाण्याच्या बैलाप्रमाणे फिरतच राहील. फेऱ्यांची मर्यादा आधी ठरविलेली असेल तरच ते थांबेल. म्हणून कोठे थांबावयाचे, हे जाणणे आज्ञा लिहिण्याइतकेच महत्त्वाचे होय.

कित्येक विद्वानांनी कापरेकरांच्या या उद्योगास क्षुल्लक लेखले. ते खचले नाहीत. 1962 साली सेवानिवृत्त झाल्यावरही त्यांचा व्यासंग सुटला नाही. अखेर 1975 साली मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन या मासिकात त्यांच्या कार्याची ओळख करून दिली, आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर झाले. 1986 साली ते निवर्तले. 6174 ही संख्या त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

विद्यार्थिमित्रहो, आज रात्री पाटी किंवा वही घेऊन आपल्या जन्मवर्षावर हा प्रयोग करा, आणि प्रत्येक फेरीस समासात एक रेघ ओढा. ती रेघ म्हणजेच तुमचा पहिला काउंटर.