किनाऱ्याची ओळख करून देणारी रेचल

हिंजवडीच्या पलीकडे, मुळशी तालुक्यात जांबे नावाचं गाव आहे. तिथून समुद्र काही दिसत नाही. इतकंच काय, तिथलं पावसाचं पाणीसुद्धा कोकणात उतरत नाही. ते भीमेला, पुढे कृष्णेला मिळून पार बंगालच्या उपसागरात जातं. अशाच, समुद्रापासून लांबच्या एका गावात एक मुलगी वाढली आणि पुढे तिनंच लाखो वाचकांना समुद्रकिनारा बघायला शिकवलं. तिचं नाव रेचल कार्सन.

27 मे 1907 रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, स्प्रिंगडेल इथे तिचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताचीच. आई मारिया लग्नाआधी शिक्षिका होती. तिनं लेकीला रानात फिरवून पाखरं, किडे ओळखायला शिकवलं. पुढे घरातली चिनीमातीची भांडी विकून कॉलेजच्या फीला हातभार लावला. रेचलला व्हायचं होतं लेखिका, पण जीवशास्त्राच्या बाईंनी अशी गोडी लावली, की तिनं विषयच बदलला. 1929 च्या उन्हाळ्यात, बाविसाव्या वर्षी, वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत गेली तेव्हा कुठे तिला समुद्र दिसला!

पुढचं शिक्षण चालू होतं, तोवर घरची जबाबदारी अंगावर आली. 1935 मध्ये वडील गेले. 1937 मध्ये मोठी बहीण गेली आणि तिच्या दोन मुली रेचल आणि आजीच्या पदरात आल्या. रेचलनं सरकारी मत्स्य खात्यात नोकरी धरली आणि लिखाण करायचं ते रात्री. 1941 मधलं पहिलं पुस्तक युद्धाच्या धामधुमीत कुणी फारसं वाचलं नाही. 1951 च्या 'द सी अराउंड अस'नं मात्र खपाच्या यादीत 86 आठवडे ठाण मांडलं. मग तिनं नोकरी सोडली आणि मेन राज्याच्या खडकाळ किनाऱ्यावर छोटंसं घर बांधलं.

मला तिचं सगळ्यात आवडतं पुस्तक त्यानंतरचं, 1955 चं 'द एज ऑफ द सी'. यासाठी ती ओहोटीला तासन् तास खडकातल्या डबक्यांत उभी राहायची. पाणी इतकं गार, की पाय बधिर व्हायचे आणि चित्रकार बॉब हाइन्स तिला अक्षरशः उचलून बाहेर आणायचे. घरी नेलेले जीव सूक्ष्मदर्शकाखाली बघून झाले, की ती रात्री टॉर्च घेऊन जायची आणि त्यांना पुन्हा समुद्रात सोडायची.

तिला तिथे काय दिसलं? खडकावरचं शेवाळ म्हणजे नुसती घसरण नव्हे. ओहोटीला ऊन तापतं तेव्हा त्या ओल्या पानांखाली गोगलगायी, खेकडे, बारीक किडे जीव धरून राहतात. काकई, कालवं खडकाला चिकटतात आणि त्यांच्या फटींत आणखी कितीतरी जीव बिऱ्हाड थाटतात. एक उपटा, की अख्खी चाळ रिकामी! अशा आधार देणाऱ्या जातींना पॉल डेटन या शास्त्रज्ञानं 'पायाभूत जाती' असं नाव दिलं ते 1972 मध्ये. रेचल तोवर हयात नव्हती, पण तिनं ते आधीच सोप्या भाषेत मांडलं होतं.

फ्लोरिडात तिनं खारफुटी पाहिली. आपल्या कोकणातला कांदळ तिचाच भाऊबंद. बी झाडावरच रुजतं, मग चिखलात पडतं किंवा पाण्यावर तरंगत दूर जातं. मुळांच्या जाळीत गाळ अडतो, माशांची पिल्लं लपतात, मुळांवर कालवं बसतात, कुजलेल्या पानांवर कोळंबी, खेकडे पोसले जातात. खाडीतल्या मासळीवर ज्या बाईची चूल पेटते, तिला हे वेगळं सांगायला नको. महाराष्ट्रात आज 300 चौरस किलोमीटरहून जास्त खारफुटी आहे. तिच्या तोडीवर मुंबई उच्च न्यायालयानं 2005 मध्ये बंदी घातली आणि 2020 मध्ये पांढरी चिप्पी राज्याचं कांदळवन वृक्ष ठरली. वेंगुर्ल्यात तर बचत गटाच्या बायकांनी पर्यटकांना होडीतून खारफुटी दाखवायला सुरुवात केली.

रेचलच्या घरी मात्र दुःखाची रांगच लागली. 1957 मध्ये वाढवलेली भाची गेली. तिचा पाच वर्षांचा रॉजर पन्नाशीच्या रेचलनं दत्तक घेतला. पुढच्याच वर्षी आई गेली. 1960 मध्ये स्तनाची शस्त्रक्रिया झाली, पण गाठ कॅन्सरची होती हे डॉक्टरांनी तिला सांगितलंच नाही. ते कळेपर्यंत महिने गेले. या आजारपणातच तिनं कीटकनाशकांच्या विषाबद्दलचं 'सायलेंट स्प्रिंग' लिहिलं. 1962 मध्ये ते आलं आणि रसायन कंपन्या तुटून पडल्या. तिच्या अविवाहित असण्यावरूनही टोमणे मारले गेले. 1963 मध्ये डोक्यावर विग घालून, आजार लपवून ती सिनेटच्या समितीसमोर शांतपणे साक्ष देऊन आली.

14 एप्रिल 1964 रोजी, छप्पन्नाव्या वर्षी ती गेली. तिच्या निम्म्या अस्थी आईशेजारी पुरल्या. उरलेल्या मैत्रीण डोरोथीनं मेनच्या त्याच खडकाळ किनाऱ्यावर समुद्राच्या स्वाधीन केल्या.