हाफकिन यांची बाटली

आम्हां जुन्नर-आंबेगावच्या मुलांना दूध तापवणे नवे नाही. डेअरीत ते ७२ अंश सेल्सिअसवर १५ सेकंद ठेवतात. पण उष्णतेने सगळे जंतू एकदम मरत नाहीत. ठरावीक वेळात शंभरातले नव्वद मेले, तर तेवढ्याच पुढच्या वेळात उरलेल्या दहांतले नऊ मरतात. हिशेब शून्याजवळ जातो, शून्यावर येत नाही. त्यात काही जंतू अधिक चिवट, आणि उष्णताही सर्वत्र सारखी पोहोचत नाही. म्हणून तज्ज्ञ सावधगिरीची जादा भर ठेवतात. मी कला शाखेचा विद्यार्थी. हे रुक्ष गणित मला उमगले ते वाल्देमार हाफकिन यांच्या चरित्रातून.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करून १८९३ मध्ये पटकीची लस घेऊन ते हिंदुस्थानात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उसळला. त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली.

ही लस म्हणजे मांसरसात वाढवून उष्णतेने मारलेले प्लेगचे जंतू. उष्णता कमी पडली तर जिवंत जंतू उरणार. जास्त झाली तर लसीचा गुण जाणार! म्हणून जोडीला कार्बोलिक आम्ल घालीत. पुढे ते वगळून उष्णतेवरच भिस्त ठेवण्यात आली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल येथे एकाच बाटलीतून लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. धनुर्वाताचे बीजाणू उकळत्या पाण्यालाही सहजी दाद देत नाहीत. साहजिकच आम्ल वगळल्याचा ठपका आला आणि हाफकिन यांचे पद गेले. वस्तुतः बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू लावून धरली, तेव्हा १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव मिळाले. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

उष्णतेचे गणित बंद बाटलीपुरते असते. ती उघडणाऱ्या हाताचा हिशेब त्यात नसतो. तो हिशेब मांडला जाईपर्यंत एका निर्दोष माणसाला पाच वर्षे कलंक वाहावा लागला, हे विज्ञान न शिकणाऱ्या आपणही विसरू नये.